तपासणीचा अहवाल हॉटेलच्या दारावर लावा: अन्न सुरक्षा आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. अन्न सुरक्षा आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

विषय: हॉटेल, खाणावळी आणि मेसच्या स्वच्छता तपासणीचे अहवाल जेवणाऱ्यांना खुले करण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

८ जुलै २०२५ च्या रात्री मुंबईतल्या आकाशवाणी आमदार निवासाच्या उपाहारगृहातून एका आमदारांना मिळालेल्या डाळीला वास येत होता. त्यांनी तिथल्या कामगाराला मारहाण केली आणि ती चित्रफीत सगळ्या राज्याने पाहिली. दुसऱ्याच दिवशी आपल्या प्रशासनाचं पथक तिथे पोहोचलं, पनीर, चटणी, तेल, तूरडाळ यांचे नमुने घेतले आणि लगोलग ठेकेदाराचा परवाना निलंबित झाला. मारहाणीचं समर्थन कोणीच करू नये. डाळ किती वेळ ठेवायची, फ्रिज कधी दुरुस्त करायचा, हे काउंटरवरचा कामगार ठरवत नाही. तपासणीबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. व्हायला हवं ते अगदी असंच. तक्रार आली, अधिकारी दारात उभे राहिले, नमुने ताब्यात घेतले, दोष दिसला म्हणून काम थांबवलं, आणि काय सापडलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. माझा प्रश्न एवढाच आहे की आमदार निवासाच्या बाहेर जेवणाऱ्या माणसाला हे कधी मिळणार?

मी पुण्यात नवी पेठेच्या बाजूला मेस चालवते. माझ्याकडे जेवायला येतात ती बहुतेक स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली. बीड, परभणी, हिंगोली, सोलापूर, यवतमाळ, कुठून कुठून आलेली. एका खोलीत चौघं राहतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि दोन वेळा ताटावर येतात. घरून येणारे पैसे सोयाबीनचे किंवा उसाच्या बिलाचे असतात, त्यामुळे काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री जेवणाला लागते. या मुलांच्या खोलीत शेगडी नाही, घरमालक ठेवू देत नाहीत. बाहेर खाणं ही त्यांची हौस नाही, तेच त्यांचं घरचं जेवण आहे. ससूनच्या फाटकाबाहेर रुग्णाचे नातेवाईक जेवतात, मार्केट यार्डात हमाल जेवतात, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक जेवतात, त्यांचंही तसंच. ‘एवढी भीती वाटते तर घरी खा’ हे उत्तर या माणसांना देता येत नाही.

यातली काही मुलं आपल्याच खात्यातल्या अन्न सुरक्षा अधिकारी पदाची तयारी करतात. जेवण झालं की ती टेबलावर नोट्स ठेवून एकमेकांना कलमं विचारतात. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मी त्यांच्याकडून ऐकला आणि मग मागून घेऊन वाचला. ५ ऑगस्ट २०११ पासून हा कायदा देशभर लागू आहे. तो वाचल्यावर मला हे पत्र लिहावंसं वाटलं, कारण कायद्यात पुष्कळ काही आहे. जेवणाऱ्याच्या हातात त्यातलं फार थोडं पोहोचतं.

आमच्या मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. पुण्यातल्या बहुतेक मेसची असते. त्या संध्याकाळी मुलं कुठेतरी बिर्याणी, पावभाजी, शेजवान राईस खाऊन घेतात. अशाच एका रविवारी, पूर्व परीक्षा तोंडावर आलेली असताना, माझ्याकडची चार मुलं एका हॉटेलात गेली. चौघांनी मिळून एकच पदार्थ खाल्ला. रात्रीच उलट्या सुरू झाल्या, पहाटेपर्यंत जुलाब. तिघं दोन-तीन दिवसांत उठून बसली. चौथ्याच्या अंगातलं पाणी इतकं गेलं की डॉक्टर मूत्रपिंडाची काळजी करायला लागले. वडील गावाहून रात्रीच्या गाडीने आले आणि दवाखान्याच्या जिन्यात धोतराच्या सोग्याने तोंड पुसत बसून राहिले. मुलगा वाचला, पण परीक्षा हुकली. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्या मुलाची परीक्षा हुकणं म्हणजे काय, हे पेठेत राहणाऱ्या कोणालाही विचारा.

त्या हॉटेलचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. चौघांना कशाने झालं, हे कधीच कळलं नाही. पुरावा का नाही, हेच मला आपल्याला सांगायचं आहे.

कायद्याच्या कलम ४० नुसार कोणीही ग्राहक आपण विकत घेतलेल्या अन्नाचा नमुना शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. वाचायला चांगलं वाटतं. पण अट अशी आहे की नमुना तपासायला देणार आहोत, हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचं. रविवारी रात्री भुकेला मुलगा ताटावर बसताना हे सांगणार आहे का? आपण आजारी पडणार हे त्याला पहाटे कळतं. तोवर ताट धुऊन झालेलं असतं आणि उरलेलं अन्न कचऱ्याच्या गाडीत गेलेलं असतं. त्यानंतर तक्रार केली आणि अधिकारी आले, तरी नमुना मिळणार तो दुसऱ्या दिवशीच्या अन्नाचा. म्हणजे ज्याला बाधा झाली, त्याच्याच हातात बाधेचा पुरावा कधी येत नाही.

दुसरा पुरावा दवाखान्यात असतो. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं, या चौघांची नोंद कुठे जाते? ते म्हणाले, गावजेवणात पन्नास माणसं एकदम पडली की यंत्रणा धावते, कॉलरा निघाला तर कळवावं लागतं. एका खोलीतल्या चौघांच्या उलट्यांबद्दल कोणी विचारत नाही. केसपेपरवर इंग्रजीत पोट आणि आतड्यांचा दाह असं लिहिलं गेलं आणि विषय संपला. याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये मात्र सोय आहे की अधिसूचना काढून एखाद्या भागातल्या डॉक्टरांना अन्नविषबाधेची प्रत्येक घटना ठरावीक अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक करता येतं. समजा नवी पेठ, सदाशिव पेठ, नारायण पेठ इथल्या दवाखान्यांनी फक्त एवढं कळवलं: रुग्णाने शेवटचं बाहेर कुठे खाल्लं आणि केव्हा. एकाच हॉटेलचं नाव तीन वेगवेगळ्या दवाखान्यांतून आलं, तर आपल्या अधिकाऱ्याला कुठे जायचं ते सांगायला तक्रारदाराची गरजच उरणार नाही.

शिक्षेच्या बाबतीत कायदा कमकुवत नाही. अस्वच्छ जागेत अन्न बनवल्याबद्दल एक लाखापर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नामुळे माणूस दगावला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि किमान दहा लाखांचा दंड आहे. मृताच्या वारसाला किमान पाच लाखांची भरपाई आहे. पण या सगळ्यासाठी आधी हे सिद्ध करावं लागतं की त्याच अन्नाने हे झालं. आमच्यासारख्यांचं प्रकरण तिथल्या पहिल्या पायरीवरच थांबतं. म्हणून मी शिक्षा वाढवा असं म्हणत नाही. माणूस आजारी पडण्याआधी त्याला काय सांगता येईल, याबद्दल मी बोलते आहे.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात काय घडतं ते बाहेरच्या टेबलावरून दिसत नाही. भाताचंच घ्या. दुपारी बाराला उतरवलेल्या मोठ्या पातेल्यातला भात वरून गार लागतो, पण झाऱ्याने मधे उकरून पाहा, चार वाजतासुद्धा हाताला ऊब लागते. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. शिजवल्याने जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या कोमट तापमानात ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. संध्याकाळी तोच भात कढईत मोठ्या आचेवर परतला तरी उलट्या करणारं ते विष नाहीसं होत नाही. वरून शेजवान चटणी पडली की चवीलाही काही जाणवत नाही. म्हणून आमच्याकडे उरलेला भात लगेच परातींत बोटभर थराने पसरतो, पंख्याखाली गार करतो आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवतो. याला जादा पराती लागतात, जागा लागते, एक बाई अर्धा तास गुंतते. दुसऱ्या हॉटेलात हे होतं की पातेलं तसंच ओट्याखाली सरकवलं जातं, हे ताट समोर आल्यावर कसं ओळखणार?

फडक्याचंही तसंच. एकाच ओल्या फडक्याने टेबल पुसलं, त्यानेच ताट पुसलं, त्यालाच हात पुसून कांदा चिरला. तळणीचं तेल काळं पडेपर्यंत वापरलं. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ते मोजण्याचं यंत्र अधिकाऱ्याकडे असू शकतं. वडापाव घेणाऱ्याकडे नसतं. जेवणाऱ्याला हे सगळं फक्त एकाच माणसाच्या डोळ्यांनी दिसू शकतं, आणि तो माणूस म्हणजे आपला अन्न सुरक्षा अधिकारी.

माझी मुख्य तक्रार आता सांगते. हा अधिकारी जे पाहतो ते जेवणाऱ्याला सांगितलं जात नाही.

माझ्याकडे तपासणी झाली तेव्हा आलेल्या अधिकारी बाईंनी नीट काम केलं. पाण्याच्या तपासणीचा दाखला मागितला, पोळ्या करणाऱ्या बायकांचे वार्षिक वैद्यकीय दाखले पाहिले, फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून थांबल्या, डाळीच्या डब्यांमागे टॉर्च मारून पाहिलं. कागद भरला, सही घेतली. तो कागद माझ्या कपाटातल्या फायलीत आहे आणि त्याची नोंद आपल्याकडे आहे. माझ्याकडे रोज जेवणाऱ्या मुलांनी तो कधी पाहिलेला नाही. त्यांच्या पोटाबद्दलचा कागद, त्यांच्या करातून पगार घेणाऱ्या माणसाने भरलेला, आणि तो फक्त माझ्याजवळ आणि सरकारजवळ. हे मला पटत नाही.

बिलावर १४ अंकी परवाना क्रमांक छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. त्या क्रमांकावरून परवाना चालू आहे की नाही ते कळतं. स्वयंपाकघरात उंदरांच्या लेंड्या सापडल्या होत्या का, सुधारणेची नोटीस निघाली होती का, नंतर सुधारणा झाली का, यातलं काही त्यावरून कळत नाही. दसरा-दिवाळीच्या आधी खव्याच्या आणि मिठाईच्या साठ्यांवर धाडी पडतात, किती लाखांचा माल जप्त झाला ते छापून येतं. पण बातमीत दुकान असतं ते ‘एक नामांकित दुकान’ आणि हॉटेल असतं ते ‘शहरातलं एक प्रसिद्ध हॉटेल’. वाचणाऱ्याने काय करायचं? सगळ्याच प्रसिद्ध हॉटेलांवर संशय घ्यायचा, की कशावरच नाही? नाव झाकल्याने दोषी वाचतो आणि शेजारचा प्रामाणिक दुकानदार बदनाम होतो.

याची झळ आम्हा मेसवाल्यांना थेट लागते. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत दोन वेळचं जेवण द्यायचं असतं. मी तेल वेळेवर बदलते, पिण्याचं पाणी तपासून घेते, ताप आलेल्या बाईला पगारी सुट्टी देते, कारण तापाने फणफणलेले हात कणकेत गेले तर माझीच मुलं आजारी पडतील. हे सगळं पैशात मोजलं तर ताटामागे काही रुपये जास्त पडतात. शेजारचा ते करत नाही आणि काही रुपये स्वस्त देतो. मुलगा दोन्ही पाट्या वाचतो आणि स्वस्ताकडे जातो. त्याला मी दोष कसा देऊ? दोन स्वयंपाकघरांतला फरक त्याला दाखवणारा एकमेव कागद आपल्या फायलीत आहे.

सुरक्षित अन्न हा नागरी हक्क आहे का, यावर आमच्या टेबलावर एकदा मुलांचा वाद रंगला होता. एकजण म्हणाला, ही ग्राहक आणि हॉटेलवाल्यामधली बाब आहे, आवडलं नाही तर दुसरीकडे जा. मला ते पटलं नाही आणि सर्वोच्च न्यायालयालाही ते मान्य नाही. शीतपेयांसंबंधीच्या जनहित याचिकेवर ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल देताना न्यायालयाने म्हटलं आहे की आरोग्याला घातक असलेला कोणताही खाद्यपदार्थ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काला धोका आहे. कलम ४७ प्रमाणे सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या दर्जाबद्दल माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. आणि आपल्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १८ मध्ये तर थेट अन्न सुरक्षा आयुक्तांचंच नाव घेतलेलं आहे: एखाद्या अन्नापासून आरोग्याला धोका असल्याची वाजवी शंका असेल, तर धोक्याचं स्वरूप पाहून लोकांना कळवण्याची पावलं उचलायची आहेत. हे काम कायद्याने आपल्यावर सोपवलेलं आहे. मी नवीन काही मागत नाही.

अहवाल गोपनीय ठेवावे लागतात, असं कोणी म्हणेल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये सरकारी कार्यालयांनी स्वतः होऊन माहिती जाहीर करावी असं आहे. बँकांच्या तपासणीची माहिती नागरिकांना नाकारणाऱ्या रिझर्व्ह बँकेचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये फेटाळलं. ठेवीदाराला बँकेच्या दोषांची माहिती मागता येते, तर जेवणाऱ्याला भटारखान्याच्या दोषांची का मागता येऊ नये?

हे करून दाखवणारी माणसं परदेशातच शोधायला हवीत असंही नाही. हैदराबादमध्ये २०२४ च्या उन्हाळ्यापासून तेलंगणाच्या अन्न सुरक्षा आयुक्तांच्या कार्यालयाने तपासण्यांचे निष्कर्ष हॉटेलच्या नावासकट आणि स्वयंपाकघरातल्या फोटोंसकट समाजमाध्यमावर टाकायला सुरुवात केली. झुरळं, मुदत संपलेली पाकिटं, लेबल नसलेले डबे, सगळं लोकांनी पाहिलं. मोठी, महागडी हॉटेलंही त्यातून सुटली नाहीत. केरळमध्ये कासारगोड जिल्ह्यात मे २०२२ मध्ये शोरमा खाऊन एक शाळकरी मुलगी गेली. आणखी घटना घडल्यावर जानेवारी २०२३ मध्ये त्या सरकारने पार्सलच्या पुड्यावर पदार्थ केव्हा बनवला आणि केव्हापर्यंत खायचा, याची चिठ्ठी सक्तीची केली आणि कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. चिठ्ठीला खर्च किती? काही पैसे. आपल्याकडे मे २०२४ मध्ये ट्रॉम्बेला रस्त्यावरच्या गाडीवर शोरमा खाऊन १९ वर्षांचा मुलगा गेला, गाडीवाल्या दोघांना अटक झाली. अटक झाली ते बरोबरच. पण माझ्या मेसच्या रस्त्यावर संध्याकाळी जे पार्सल बांधलं जातं, त्याच्यावर आजही वेळ लिहिलेली नसते.

न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून प्रत्येक उपाहारगृहाला तपासणीत मिळालेलं श्रेणीचं अक्षर दर्शनी जागी लावावं लागतं. वेल्समध्ये शून्य ते पाच अशी स्वच्छतेची श्रेणी दारावर लावणं २०१३ पासून सक्तीचं आहे. आपल्या देशातही अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाची (एफएसएसएआय) पाच हसऱ्या चेहऱ्यांची स्वच्छता श्रेणी आहे, पण ती ऐच्छिक आहे. ज्याचं स्वयंपाकघर चांगलं आहे तो हौसेने अर्ज करील. ज्याचं वाईट आहे तो का करील?

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडते, कारण मी या धंद्यातली आहे आणि माझ्या ओळखीचे हॉटेलवाले हे वाचणार आहेत. त्यांना भीती वाटते की श्रेणी आली की तिच्यासाठी हप्ता मागितला जाईल, एखाद्या अधिकाऱ्याच्या रागापायी वर्षांची पुण्याई जाईल. ही भीती मी खोटी ठरवत नाही. पण बंद फायलीत तडजोडीला जितकी जागा असते, तितकी चारचौघांनी वाचलेल्या कागदात नसते. कोणत्या मुद्द्याला किती गुण कापले, कोणता फोटो काढला, हे उघड असेल तर चुकीच्या शेऱ्याविरुद्ध हॉटेलवाल्यालाही लोकांसमोर दाद मागता येईल. दोष दुरुस्त केल्यावर ठरलेल्या मुदतीत फेरतपासणीचा हक्क त्याला हवाच. हातगाडीवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना नळ नाही, सांडपाण्याची सोय नाही, कचऱ्याचा डबा नाही, आणि मग त्यांच्याकडे स्वच्छता नाही म्हणून गाडी उचलली जाते. महापालिकेने पाणी दिल्याशिवाय त्यांच्याकडून हात धुण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. या पत्राचा आधार घेऊन कोणी गाडीवाल्यांवर कारवाई करणार असेल तर माझा त्याला विरोध राहील.

अधिकाऱ्यांची संख्या कमी आहे, हेही मला माहीत आहे. प्रयोगशाळांची अवस्थाही. कायद्यात अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा आहे. पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात देशभरातल्या, नमुने पाठवल्या जाणाऱ्या ७२ राज्य प्रयोगशाळांपैकी ६५ कडे प्रयोगशाळांचा दर्जा पारखणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं (एनएबीएल) मानांकन नसल्याचं नमूद आहे. पदं भरायला आणि यंत्रं घ्यायला वेळ लागेल, पैसे लागतील. झालेल्या तपासणीचा कागद दारावर चिकटवायला मात्र एकही नवीन पद लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: राज्यातल्या प्रत्येक हॉटेल, खाणावळ, मेस, उपाहारगृह आणि घरपोच जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघराच्या शेवटच्या तपासणीचा सारांश मराठीत, तारखेसकट, दर्शनी भागात लावणं सक्तीचं करावं आणि पूर्ण अहवाल प्रशासनाच्या संकेतस्थळावर हॉटेलच्या नावाने शोधता यावा. ज्या स्वयंपाकघरात ग्राहक कधी पाऊलच ठेवत नाही, फोनवरून मागवतो, त्याचा अहवाल मागवण्याच्या जागीच दिसला पाहिजे. जिथे तपासणी झालेलीच नाही, तिथे ‘तपासणी झालेली नाही’ असं लिहावं.

दुसरी: सुधारणेची नोटीस, परवाना निलंबन आणि दंडाचे आदेश नावासकट जाहीर करावेत. ‘नामांकित’ हा शब्द प्रशासनाच्या निवेदनांतून जावा. दोष दुरुस्त झाल्यावर तेही त्याच ठळकपणे जाहीर व्हावं.

तिसरी: कलम ३५ खाली अन्नविषबाधेची माहिती देणं डॉक्टरांना बंधनकारक व्हावं, यासाठी राज्याने केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी आग्रह धरावा, आणि सुरुवात म्हणून पुणे, छत्रपती संभाजीनगर, लातूर अशा विद्यार्थ्यांच्या शहरांतले भाग निवडावेत.

चौथी: पार्सलवर बनवल्याची वेळ लिहिण्याची सक्ती.

पाचवी मागणी कामगारांसाठी आहे. उलट्या-जुलाब किंवा ताप असलेल्या कामगाराला त्या दिवसाची मजुरी देऊन कामावरून दूर ठेवलं जातं की नाही, हा मुद्दा तपासणीच्या कागदात यावा. मजुरी कापली जाणार असेल तर तो आजार लपवून भाजी चिरायला उभा राहतो, आणि ते तो आपल्या मुलांच्या पोटासाठी करतो.

हे आपण सक्तीचं करेपर्यंत मी वाट पाहत बसणार नाही. माझ्या मेसचा तपासणीचा कागद या सोमवारपासून हात धुण्याच्या बेसिनशेजारी लावलेला असेल, शेऱ्यांसकट. आजूबाजूच्या मेसचालक बायकांनाही मी तसंच करायला सांगते आहे, काहींनी होकार दिला आहे. आपले अधिकारी पुन्हा केव्हाही यावेत. सकाळी साडेदहाच्या सुमाराला आलात तर भाज्या चुलीवर असतात आणि सगळं जसं आहे तसं पाहायला मिळेल.

या पत्राला एका महिन्याच्या आत लेखी उत्तर मिळावं अशी विनंती आहे. कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, एवढं लिहावं. आलेलं उत्तर मी त्याच बेसिनशेजारी लावीन आणि पेठेतल्या अभ्यासिकांनाही त्याच्या प्रती देईन.

आपली विश्वासू,
नवी पेठेतली एक मेसचालक, पुणे

प्रत माहितीसाठी: मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य.